ल शांबोंमध्ये मुलं कुणी सांभाळली

फ्रान्सच्या ओत-लुआर जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून जवळपास हजार मीटर उंचीवरच्या पठारावर, ल शांबों-सुर-लिन्यों नावाचं एक लहानसं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात या गावाने आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांनी शेकडो ज्यू माणसांना आसरा दिला. त्यात मुलं खूप होती. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण आंद्रे त्रोक्मे या प्रोटेस्टंट पास्टरपासून सुरुवात करतात, आणि त्यांचा मान तेवढा आहेच. पण मी माझी सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून केली. असं काही वाचलं की माझ्या डोक्यात आधी वेगळेच प्रश्न येतात. एवढ्या मुलांना जेवायला काय घातलं? अंथरूण-पांघरूण कुठून आणलं? ताप आला तर डॉक्टर कोण? खर्च कुणी उचलला? आणि हजेरीपटावर नावं काय लिहिली?

माझा मुलगा आणि सून नोकरीमुळे सेंत-एतियेनला राहतात. तिथून ल शांबों गाडीने तासा-सव्वा तासावर. शहराच्या जुन्या कोळसाखाणींचा भाग मागे पडला की रस्ता चढू लागतो, पाइनची झाडं दाट होत जातात, आणि वर पोचल्यावर करड्या ग्रॅनाइटची घरं, उतरत्या छपरांची, वाऱ्याकडे पाठ करून उभी असलेली दिसतात. गावाच्या प्रार्थनामंदिराच्या दारावर ‘एकमेकांवर प्रेम करा’ एवढीच ओळ कोरलेली आहे. समोरच्या जुन्या शाळेच्या इमारतीत २०१३ साली या इतिहासाचं संग्रहालय सुरू झालं. तिथे वाचलेल्या माणसांच्या मुलाखती ऐकायला मिळतात. सूनबाई ऐकत होती आणि हळू आवाजात मला मराठीत सांगत होती. पुढे घरी येऊन मी बरंच वाचलं, आणि आता हे लिहिते आहे.

सेंत-एतियेन आणि हे पठार यांचं नातं जुनं आहे, आणि माझ्या मते सगळ्याची मुळं तिथेच आहेत. १८९३ साली सेंत-एतियेनचे पास्टर लुई कोंत यांनी खाणकामगारांच्या, गिरणी कामगारांच्या अशक्त मुलांना उन्हाळ्यात पठारावरच्या शेतकऱ्यांकडे पाठवायची संस्था काढली. शहरातल्या धुराने खोकणारी पोरं इथे दूध, बटाटे आणि मोकळी हवा यांवर थोडी बाळसं धरून परत जायची. शेतकऱ्यांना त्या बदल्यात थोडे पैसे मिळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद रुळांची छोटी आगगाडी वर आली आणि येणाऱ्यांची संख्या वाढली. उन्हाळी पाहुण्यांसाठी खाणावळी आणि बोर्डिंग हाउस निघाली. म्हणजे १९४० उजाडलं तेव्हा या पठारावरच्या बायकांना परक्या मुलाला घरात घेणं, त्याच्यासाठी माळ्यावर गादी घालणं, त्याच्या पहिल्या रात्रीच्या रडण्याला न घाबरणं, हे सगळं दोन पिढ्यांच्या सवयीचं होतं. नवी मुलगी वसतिगृहात आली की पहिल्या रात्री जेवत नाही, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. इथल्या शेतकरणींना ते आईकडून कळलं होतं.

दुसरं मूळ धर्माचं. हे पठार कॅथलिक फ्रान्समधलं प्रोटेस्टंट बेट आहे. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंट पंथाला मुभा देणारा नांतचा फर्मान रद्द केला आणि प्रोटेस्टंट लोकांना शंभर वर्षं लपूनछपून प्रार्थना करावी लागली. पास्टर जंगलात उपदेश करत, सापडले तर फासावर जात. मारी दुरां नावाच्या बाईला तर भाऊ पास्टर होता म्हणून दक्षिणेतल्या एग-मोर्तच्या बुरुजात ३८ वर्षं डांबून ठेवलं होतं. पठारावरच्या घराघरांत या कथा सांगितल्या जात. पोलीस दारात आल्यावर खरं काय ते सांगायचंच असं नसतं, ही गोष्ट या लोकांना कुणी नव्याने पटवून द्यायची गरज नव्हती.

आंद्रे त्रोक्मे १९३४ साली इथे पास्टर म्हणून आले. आई जर्मन, वडील फ्रेंच, लहानपण पहिल्या महायुद्धाच्या आघाडीजवळच्या सेंत-कांतँमध्ये गेलेलं. हिंसेला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. त्यांची पत्नी माग्दा फ्लॉरेन्सची. १९३८ मध्ये त्यांनी आणि एदुआर तेइस या दुसऱ्या पास्टरनी मिळून गावात एक माध्यमिक शाळा काढली. ही शाळा लक्षात ठेवा, कारण शाळा असलेल्या गावात परगावची मुलं दिसली तर कुणाला नवल वाटत नाही. जून १९४० मध्ये फ्रान्सने शस्त्रं खाली ठेवली. तहावर सही झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ जूनला, या दोघांनी प्रार्थनामंदिरातून सांगितलं की आपल्या सदसद्विवेकावर जी जबरदस्ती होईल तिला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करणं हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे. त्याच सुमाराला गावचे मेयर शार्ल गियों यांनी जर्मनीशी तह करणाऱ्या पेतांच्या सरकारची चाकरी नको म्हणून राजीनामा दिला. ते जिनिव्हातल्या वायएमसीएच्या कामातले मोठे अधिकारी होते. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल, कारण पैसा त्यांच्या वाटेने आला.

पहिली पाहुणी त्या हिवाळ्यात आली. बाहेर बर्फ पडत होतं. पास्टरांच्या घराचं दार वाजलं, माग्दांनी उघडलं तर समोर एक जर्मन ज्यू बाई, थंडीने गारठलेली. आत येऊ का, असं तिने विचारलं. अर्थातच, या ना आत, असं माग्दा म्हणाल्या. जगभर या वाक्याचं कौतुक होतं. मला मात्र त्यानंतर जे झालं ते जास्त खरं वाटतं. बाईचे बूट भिजलेले होते. वाळावेत म्हणून माग्दांनी ते चुलीच्या भट्टीत ठेवले, आणि त्या गावच्या कार्यालयात गेल्या, या बाईला काही कागदपत्रं मिळतात का ते बघायला. तिथे नव्या मेयरने त्यांना झिडकारलं. एका परक्या बाईसाठी सगळा गाव धोक्यात घालता का, तिला उद्या इथून घालवा, असं तो म्हणाला. माग्दा घरी परतल्या तर भट्टीतले बूट जळून काळे ठिक्कर पडलेले. त्या काळात चामड्याचे बूट परवान्याशिवाय मिळत नव्हते. मग त्यांची धावपळ सुरू झाली, या बाईच्या पायात घालायला काहीतरी मिळवण्याची. बाईला त्यांनी दुसऱ्या ओळखीच्या ठिकाणी पाठवून दिलं. कार्यालयात जाऊन विचारायचं नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलं, आणि पुढची चार वर्षं त्यांनी ते पाळलं.

आता पैसा. १९४० च्या ऑक्टोबरात जर्मनीच्या बाडेन भागातून साडेसहा हजारांच्या आसपास ज्यूंना गाड्यांत कोंबून फ्रान्समध्ये, पिरेनीजच्या पायथ्याशी असलेल्या ग्युर्सच्या छावणीत आणून टाकलं होतं. चिखल, लाकडी बराकी, उंदीर, आमांश. पहिल्या हिवाळ्यातच शेकडो माणसं मेली. या छावण्यांत क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे लोक, स्विस मदत संस्था, सिमाद ही प्रोटेस्टंट तरुणांची संघटना अशा काहींना काम करायची मुभा होती. त्रोक्मे मार्सेयला जाऊन बर्न्स चाल्मर्स या अमेरिकन क्वेकरांना भेटले. आपण छावणीत येऊन काम करतो, असं त्रोक्मेंचं म्हणणं होतं. चाल्मर्सनी त्यांना अडचण सांगितली: मुलांना छावणीबाहेर काढायची परवानगी कधीकधी मिळते, पण त्यांना ठेवून घ्यायला कुठलंच गाव तयार नाही. तुमचं गाव घेईल का? पैशाची सोय आम्ही करू. त्रोक्मे गावात परतले, चर्चच्या मंडळापुढे विषय ठेवला, आणि मंडळ हो म्हणालं. क्वेकरांचे, स्विस संस्थांचे पैसे येऊ लागले. बरेचसे गियों जिनिव्हाहून आणत.

मग घरं निघाली. ला गेस्पी हे स्विस मदतीचं पहिलं घर १९४१ च्या मे महिन्यात सुरू झालं. ते ज्युलिएत उसाक या स्पेनमधून परागंदा झालेल्या बाई चालवत. त्यांच्या मागोमाग लाब्रिक आणि फाइदोली, ऑगस्ट बोनी या तरुण स्विस शिक्षकाच्या देखरेखीखाली. सिमादचं कोतो फ्लरी हे घर कुटुंबांसाठी. थोडी मोठी, कॉलेजच्या वयाची मुलं मेझों दे रोशमध्ये, लहानगी ले ग्रियोंमध्ये. त्यांशिवाय खाजगी बोर्डिंग हाउस होतीच, आणि गावाबाहेरची शेतघरं तर मोजदादीच्या पलीकडची.

रेशनबद्दल मी खास वाचलं. विशी फ्रान्समध्ये, म्हणजे विशी शहरातून चालणाऱ्या पेतांच्या सरकारच्या राज्यात, माणसं अक्षरांत वाटलेली होती. तीन वर्षांखालची मुलं ई, मग वयाप्रमाणे जे-१, जे-२, जे-३, मोठी माणसं ए, अंगमेहनतीचं काम करणारी टी. ब्रेड, लोणी, साखर, मांस, साबण, कापड, सगळ्याला कुपनं. ज्याच्या नावाचं कार्ड नाही त्याला कायद्याने ब्रेडचा तुकडासुद्धा नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलं किती खातात हे मला माहीत आहे, त्यांना तुम्ही कितीही वाढा, ती पातेल्याकडे बघतच असतात. आणि ही मुलं तर छावणीतून आलेली, महिनोन्महिने पाण्यासारखं सूप पिऊन. पठारावर बटाटे पिकत, गाईगुरं होती, त्यामुळे शहरांपेक्षा बरी परिस्थिती होती, पण भरपूर असं काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातली बाई रोज सकाळी उठून हातातली कुपनं आणि बसणारी तोंडं यांचा मेळ घालत होती. शेतकरी दूध घालून जात, कधी बटाट्याचं पोतं दाराशी ठेवून जात. कार्ड नसलेल्या मुलाचं जेवण म्हणजे कार्ड असलेल्या पाच जणांच्या ताटातून काढलेला थोडाथोडा घास. हा हिशेब चार वर्षं न चुकता रोज केला गेला, आणि तो करणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मला कुठे सापडली नाहीत.

हाने हिर्श ही कार्ल्सरूहची मुलगी सप्टेंबर १९४१ मध्ये ग्युर्सहून ला गेस्पीत आली. वय सोळा. ग्युर्समध्ये तिची ओळख माक्स लीबमान या चेलो वाजवणाऱ्या मुलाशी झाली होती, तोही नंतर पठारावर आला. तिची आई छावणीतच राहिली. ऑगस्ट १९४२ मध्ये आईला तिथून गाडीत घालून पूर्वेकडे नेलं आणि ती ऑश्विट्झच्या मृत्युछावणीतून परतली नाही. अशा मुली त्या घरात सकाळी उठत होत्या, अंथरुणं घडी करत होत्या, भाज्या सोलायच्या पाळ्या लावून घेत होत्या, शाळेत जात होत्या. ज्युलिएत उसाकबाईंनी त्यांना काय सांगितलं असेल याचा मी पुष्कळ विचार करते. त्या स्वतः आपला देश गमावून आलेल्या होत्या.

आता हजेरीपटाकडे येते. १९४१ मध्ये छावणीतून मुलं आली ती रीतसर, प्रिफेक्टच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाच्या, परवानगीने. त्यामुळे त्यांची खरी नावं, वयं, जन्मगावं सरकारदरबारी नोंदलेली होती. एका वर्षाने हेच कागद उलटले. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ ज्यूंना पकडलं, त्यात ४,००० हून जास्त मुलं होती. ऑगस्टमध्ये दक्षिणेच्या बिगरव्याप्त भागातूनही परदेशी ज्यू जर्मनांच्या हवाली करायचं विशी सरकारने ठरवलं. १० ऑगस्टला विशीचे युवक खात्याचे सचिव लामिरां गावात आले. समारंभ संपल्यावर शाळेतल्या मोठ्या मुलांनी त्यांच्या हातात एक पत्र ठेवलं. पॅरिसमध्ये काय झालं ते आम्हाला कळलं आहे, आमच्यातही ज्यू मुलं आहेत, त्यांना न्यायचा हुकूम आला तर आम्ही तो मोडू आणि त्यांना लपवू, असा त्याचा आशय. शाळकरी मुलांनी सरकारच्या सचिवाच्या तोंडावर हे दिलं. प्रिफेक्ट संतापले. त्यांनी त्रोक्मेंना दरडावलं, तेव्हा आम्ही ज्यू कोण ते ओळखत नाही, आम्ही माणसं ओळखतो, असं त्रोक्मे म्हणाले.

दोनएक आठवड्यांत पोलीस बसगाड्या घेऊन आले, हातात नावं घेऊन. ज्यूंची यादी द्या, असं त्यांनी त्रोक्मेंना सांगितलं. त्यांनी नकार दिला. स्विस घरांवर पोलीस गेले तेव्हा हे घर स्विस संस्थेच्या संरक्षणाखाली आहे, असं सांगून बोनींनी वेळ काढला आणि रात्रीत मुलं शेतघरांत, रानात पसार केली. पोलीस काही आठवडे गावात तळ ठोकून होते. माळे, तळघरं, गवताच्या गंजी तपासत होते. बस जवळजवळ रिकाम्याच परत गेल्या. मुलं जंगलात बेरी आणि अळंबी गोळा करायला गेल्यासारखी टोपल्या घेऊन जात, आणि पोलीस गेले की परतायची खूण म्हणून गाणं म्हटलं जाई, अशा आठवणी कितीतरी जणांनी सांगितल्या आहेत.

त्यानंतर पठारावर खऱ्या नावांची नोंद ठेवायची नाही हे पक्कं झालं. मी रोज रात्री मस्टर बंद करताना सगळ्या सह्या आहेत ना हे दोनदा पाहणारी बाई. मस्टर नीट असणं म्हणजे मुली सुरक्षित असणं, हे माझ्या हाडीमांसी आहे. इथे नेमकं उलट होतं, आणि हे समजून घेताना मला त्रास झाला. नीट ठेवलेल्या यादीने मूल मरू शकत होतं. म्हणून नावं बदलली, जन्मगावं बदलली. मुलांनी नवं नाव पाठ करायचं, झोपेतून उठवलं तरी तेच सांगायचं. पाहुणे पाठवताना चिठ्ठीत ‘जुन्या कराराची’ इतकी पुस्तकं पाठवतो आहे, असं लिहिलं जाई, म्हणजे तितके ज्यू येत आहेत हे ओळखायचं.

खोटे कागद बनवणारा ऑस्कर रोझोव्स्की तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा होता. बर्लिनमध्ये जन्मलेला, नीसमध्ये वाढलेला, वैद्यकीय शिक्षणाची इच्छा असून ज्यू म्हणून प्रवेश न मिळालेला. नीसमध्ये तो टाइपरायटर आणि डुप्लिकेटर मशिनं दुरुस्त करायचं काम करायचा, त्यात कागद, शाई, शिक्के यांचं ज्ञान झालं. १९४२ च्या अखेरीस तो आईला घेऊन पठारावर आला. ओळखपत्रं, रेशन कार्डं, शाळेचे दाखले, सगळं बनवू लागला. हे काम तो गावाबाहेर एरितिए दांपत्याच्या शेतावर करायचा, आणि शिक्के, कोरे फॉर्म, तयार झालेली कार्डं तिथल्या मधमाश्यांच्या पेट्यांत लपवलेली असत. पोलीस आले तरी पेटीचं झाकण कोण उघडणार? खोटं रेशन कार्ड हाती आलं की स्वयंपाकघरातला रोजचा हिशेब किती सुटला असेल, याची मला कल्पना करता येते. म्हणून मला या मुलाचं काम आणि चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचं काम एकच वाटतं.

ज्यांना इथे ठेवणंही धोक्याचं झालं त्यांना स्वित्झर्लंडला पोचवलं जाई. मिरेय फिलिप ही पाच मुलांची आई ते जाळं उभारण्यात पुढे होती. पिएर पितों हा सतरा वर्षांचा स्काउट माणसांना टप्प्याटप्प्याने सरहद्दीच्या तारांपर्यंत नेऊन सोडायचा. हाने आणि माक्सही स्वित्झर्लंडला पोचले, आणि १९४५ मध्ये जिनिव्हात त्यांचं लग्न झालं.

नोव्हेंबर १९४२ मध्ये जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्सही ताब्यात घेतला. ल शांबोंमधल्या काही हॉटेलांत आघाडीवरून आलेले जखमी जर्मन सैनिक विश्रांतीला ठेवले गेले. त्यांच्या खिडकीखालून ही मुलं शाळेत जात. १३ फेब्रुवारी १९४३ ला त्रोक्मे, तेइस आणि गावच्या शाळेचे मुख्याध्यापक रोजे दार्सिसाक यांना अटक झाली. त्रोक्मे घरी नव्हते, म्हणून पोलीस थांबले. माग्दांनी पोलिसांना जेवायला बसवलं. लोकांना याचं आश्चर्य वाटतं, पण जेवायची वेळ झालेली आणि माणसं घरात बसलेली, तर स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईने दुसरं काय केलं असतं? बातमी पसरली आणि गावकरी एकेक करून आले, हातात काहीतरी घेऊन: मेणबत्ती, सार्डिनचा डबा, लोकरी मोजे. या वस्तू त्या दिवसांत सहज मिळणाऱ्या नव्हत्या, कुणीतरी अडीअडचणीसाठी जपून ठेवलेल्या होत्या. महिनाभराने तिघेही सुटले. पास्टरांनी पेतांशी निष्ठेच्या कागदावर सही करायचं नाकारलं होतं, तरी सुटले.

मेझों दे रोशवर मात्र घाव बसला. तिथले प्रमुख होते दानिएल त्रोक्मे, आंद्रेंच्याच नात्यातले, एकतीस वर्षांचे, शिक्षक, हृदयाने नाजूक. ते ले ग्रियोंतली लहान मुलंही बघत. तिथल्या मुलांचे जोडे ते रात्री जागून स्वतः शिवत बसायचे, टाकाऊ टायरच्या रबराचे तळ लावून. २९ जून १९४३ च्या पहाटे गेस्टापो, म्हणजे जर्मन गुप्त पोलीस, मेझों दे रोशमध्ये शिरले. दानिएल तेव्हा ले ग्रियोंमध्ये होते. मागच्या दाराने रानात निघून जाणं शक्य होतं. मुलं तिकडे एकटी आहेत म्हणून ते गेले नाहीत. माग्दांना कळलं तेव्हा त्या अंगावरच्या एप्रनसकट सायकलवर बसून निघाल्या. दाराशी उभ्या असलेल्या जर्मनांना वाटलं ही इथली स्वयंपाकीण, आणि त्यांनी आत सोडलं. एकेका मुलाला चौकशीसाठी नेत होते, मारत होते. जाता-येता मुलं माग्दांच्या कानात कुजबुजत होती, माझ्या आईला कळवा, माझे पैसे अमुक ठिकाणी आहेत. एका स्पॅनिश मुलाने काही दिवसांपूर्वी लिन्यों नदीत बुडणाऱ्या एका जर्मन सैनिकाला वाचवलं होतं. माग्दा हॉटेलात गेल्या, तिथल्या जर्मन अधिकाऱ्यांना गाठलं, या गोष्टीची साक्ष द्या म्हणून त्यांना घेऊन आल्या, आणि तो मुलगा सुटला. बाकी अठरा मुलं आणि दानिएल यांना नेलं. मी इथे फार खूश होतो, माझ्या आईवडिलांना सांगा, असं दानिएल माग्दांना म्हणाले. त्यांना पुढे बुखेनवाल्डच्या, तिथून मायदानेकच्या छळछावणीत पाठवलं. एप्रिल १९४४ मध्ये तिथे त्यांचा मृत्यू झाला. पकडलेल्यांतली ज्यू मुलं ऑश्विट्झला गेली.

गावचे डॉक्टर रोजे ल फोरेस्तिए पकडलेल्या दोन तरुणांसाठी रदबदली करायला ल प्युई या जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आणि स्वतःच अडकले. २० ऑगस्ट १९४४ ला ल्योंजवळ सेंत-जेनी-लाव्हालमध्ये शंभराहून जास्त कैद्यांना गोळ्या घालून जाळण्यात आलं, त्यांत ते होते. ल्यों त्यानंतर दोन आठवड्यांत मुक्त झालं.

युद्धानंतर कित्येक वर्षं या लोकांनी याबद्दल बोलणं टाळलं. १९७९ मध्ये वाचलेल्या ज्यूंनी येऊन प्रार्थनामंदिरासमोर कृतज्ञतेची पाटी लावली. १९९० मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या स्मृतिसंस्थेने ल शांबों आणि शेजारच्या गावांच्या रहिवाशांना सामूहिक सन्मान दिला. शेजारची गावं हा शब्द महत्त्वाचा आहे. माझे-सेंत-व्हुआ, तांस, फे, सेंत-आग्रेव्ह, या सगळ्या ठिकाणी माणसं लपवली गेली, कॅथलिक घरांतही. पण नाव होतं ते ल शांबोंचं, आणि याचं दुःख त्या गावांत आजही आहे असं म्हणतात. ते रास्तच आहे. आकड्यांचाही वाद आहे. पाच हजार माणसं वाचली, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. आता बरेच अभ्यासक त्याहून पुष्कळ कमी आकडा मानतात. मला या वादात कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. ज्यांनी मुद्दाम मस्टर ठेवलं नाही त्यांच्याकडे आज मस्टर मागून काय उपयोग?

त्रोक्मे आणि तेइस यांनी काढलेली शाळा युद्धानंतर मोठी झाली, देशोदेशींची मुलं तिथे शिकली, आणि २०१४ मध्ये ती बंद पडली. याचं मला फार वाईट वाटलं. या गावात मुलं राहायला येणं थांबू नये असं वाटतं. २०२० च्या डिसेंबरात एरिक श्वाम नावाचे गृहस्थ नव्वदाव्या वर्षी वारले. व्हिएन्नात जन्मलेले, युद्धात कुटुंबासह पठारावर आसरा मिळालेले. त्यांनी मृत्युपत्रात आपली जवळपास वीस लाख युरोंची मालमत्ता ल शांबों गावाला दिली, मुलांच्या आणि तरुणांच्या शिक्षणासाठी. गावाने ते पैसे शाळांवर, शिष्यवृत्त्यांवर लावावेत हे योग्यच आहे. पण मला कुणी विचारलं असतं तर मी एक काम आणखी सांगितलं असतं. एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला दोन वर्षांची शिष्यवृत्ती द्या, आणि त्याला एवढंच करायला लावा: ला गेस्पी, फाइदोली, ले ग्रियों, मेझों दे रोश आणि सगळी बोर्डिंग हाउस, यांच्या स्वयंपाकघरांत कोण होतं, कपडे कोण धूत होतं, रात्री कोण जागत होतं, ते घरोघरी जाऊन विचारायचं. त्या बायकांच्या मुली-नाती अजून पठारावर आहेत. आता ती यादी केली तर कुणाला धोका नाही.